एक चूल, एक घर

मी राहतो ते गाव इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकपासून फार लांब नाही. पण शेवटचा रस्ता इतका अरुंद आहे, की समोरून ट्रॅक्टर आला तर दोघांपैकी एकाला गाडी मागे घ्यावी लागते. कोण मागे घेतो यावरून इथे माणसाची पारख होते. पहिलं वर्षभर मीच मागे घेत होतो. मग मला वाटायला लागलं, की ट्रॅक्टरवाले मुद्दाम माझीच वेळ साधून निघतात.

अशा शंका मला इथे फार येतात. पुण्यात असताना मी असा नव्हतो, असं बायको म्हणते. मला आठवत नाही. पण गेल्या वर्षी या संशयी स्वभावाचा जो हिशेब झाला, तो लिहून ठेवावासा वाटतो, कारण त्यात माझ्या घरचं काहीच पणाला लागलं नव्हतं. पणाला लागलं होतं ते एका बाईचं घर. तिला या गावात भाड्याचं का होईना, स्वतःचं दार मिळणार की नाही, हे मी केलेल्या एका मोजणीवर ठरायचं होतं.

गाव दोन तुकड्यांचं आहे. मधे चर्च, पब, गावाचा हॉल आणि जुन्या विटांची कॉटेजेस. या कॉटेजेसची दारं एकाच हिरव्या रंगाची आहेत, कारण ती सगळी इस्टेटीची. इस्टेट म्हणजे एका जुन्या घराण्याची शेतं, जंगल आणि घरं, आणि ती सांभाळणारा एक एजंट. दाराचा रंग बदलायचा नाही, हे भाडेकरारात असतं. कोणी राहायचं, तेही असतं. दुसरा तुकडा आमचा. सातूच्या शेतावर उभी राहिलेली नवी वसाहत, तिथे आम्ही, एक नागपूरचं जोडपं आणि लंडन सोडून आलेले बरेच जण. आम्ही ब्रॅकनेलला किंवा बेसिंगस्टोकला ऑफिसात जातो, नाहीतर घरी बसून स्क्रीनशी बोलतो.

गावातला दुधाचा धंदा बसला. गोठ्याचा लग्नाचा हॉल झाला, धान्याच्या कोठाराची ऑफिसं झाली, कुरणात शहरातल्या लोकांचे घोडे चरतात. उरलेली शेती एक कंत्राटदार आपली अजस्र यंत्रं आणून करून जातो. गावात काम करणारी माणसं आहेत, म्हणजे शाळेचं स्वयंपाकघर, पब, म्हाताऱ्यांची देखभाल. पण त्या पगारात या गावात घर मिळत नाही. आणि ज्यांना मिळतं, त्या आम्हाला गावात काही काम नसतं.

पॅरिश कौन्सिलने, आपली ग्रामपंचायत म्हणा, गावाचा पुढचा आराखडा करायला एक कमिटी नेमली. तिचे चेअरमन हॉलच्या दारात मला गाठून म्हणाले, "तुम्ही आकड्यांतले, कमिटीत या. घरांची गरज किती आहे, याची पाहणी करायची आहे. तुम्ही नवे आहात, कुणाच्या बाजूचे नाही."

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत या गावात मला कोणी काही मागितलं नव्हतं. पाहणीत गरज दिसली, तर हॉलशेजारच्या शेतात गावातल्या लोकांसाठी भाड्याची काही घरं होणार होती. ते शेत आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर येतं. हे मी चेअरमनना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतंच.

मी संध्याकाळी दारोदार जायला लागलो. दार उघडायच्या आधी पडदा हलायचा. एकाने विचारलं, "कौन्सिल टॅक्सवाले का?" म्हणजे घरपट्टीवाले. दुसऱ्याने विचारलं, "हे कोणाला पाहिजे?" एका बाईने माझं ओळखपत्र मागितलं, ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "हे तुमच्या ऑफिसचं आहे. ऑफिस आमच्यात कशाला नाक घालतंय?" मला वाटलं, माझा रंग बघून हे चाललंय. थोडं तेही असेल. पण पलीकडच्या घरातला, इथेच जन्मलेला गोरा पोस्टमन म्हणाला, "मलासुद्धा कोणी सांगत नाही घरात किती जण आहेत ते. मला फक्त पत्रांवरून कळतं."

मग ते हिरवं दार. निवृत्त गुराखी आणि त्याची बायको. म्हातारीने मला आत घेतलं. "ये, माय लव्ह, बूट राहू देत." स्वयंपाकघरात त्यांची मुलगी भांडी विसळत होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचा नवरा मोटरवेजवळच्या वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करून वर झोपला होता, म्हणून तिच्या दोन्ही मुली कार्पेटवर बसून कुजबुजत खेळत होत्या. बेसिंगस्टोकला त्यांनी भाड्याने घेतलेलं घर मालकाने विकलं, तेव्हा ती सगळी इथे आली होती. मुलींची गादी बाहेरच्या खोलीत, सोफ्यामागे गुंडाळून ठेवलेली. शेगडीवर एकच मोठं पातेलं.

मला भरून आलं. मी लहान असताना आम्ही आणि काका असेच होतो, दोन खोल्या आणि एक चूल. रेशनकार्डावर एकच कुटुंब. मी विचारलं, "सगळे एकत्रच जेवता ना?"

"मग काय वेगवेगळ्या दुकानांतून आणतो?" म्हातारा म्हणाला.

सगळे हसलो. मला चहा मिळाला. पुढचा प्रश्न असा होता: या घरातल्या कोणाला येत्या काही वर्षांत वेगळं घर हवं आहे का? मी मुलीकडे बघितलं, मग तिच्या आईकडे. आईबापांच्या देखत, त्यांचा चहा पीत, मुलीला विचारायचं, तुला वेगळं व्हायचंय का? आपल्याकडे याला घर फोडणं म्हणतात. मी तो प्रश्न विचारला नाही. 'एक कुटुंब' लिहिलं, 'गरज नाही' अशी खूण केली आणि कप विसळायला उठलो. म्हातारी म्हणाली, "किती वळणाचा माणूस आहे बघ."

मुलगी भांडी विसळायची थांबली होती. माझ्याकडे बघत होती, एवढं आठवतं.

बाकी दारांवरही फारसं काही हाती लागलं नाही. माझे आकडे बघून चेअरमन म्हणाले, "म्हणजे गरज जवळजवळ नाहीच. उत्तम काम." त्या 'उत्तम'ने मी सुखावलो. घरी येऊन खिडकीतून शेताकडे बघितलं. हरणं आली होती.

अहवाल गावच्या सूचनाफलकावर लागला, त्यानंतर गुराख्याची मुलगी मला बसस्टॉपवर भेटली. आमच्याकडे बस क्वचितच येते, त्यामुळे स्टॉपवरच्या माणसाला पळून जाता येत नाही.

"तुम्ही आम्हाला धरलंच नाहीत," ती म्हणाली.

"धरलं की. एक कुटुंब."

"मी चाळिशीला आले. माझा नवरा माझ्या लहानपणीच्या खोलीत झोपतो. बाथरूमच्या रांगेत माझा बाप पहिला असतो. हे एक कुटुंब?"

"तुम्ही सगळे आनंदात दिसलात."

"पाहुणा आला होता. पाहुण्यासमोर भांडायचं होतं का?" मग हळू आवाजात म्हणाली, "मी वाट बघत होते तुम्ही विचारायची. म्हणजे आईला वाटलं नसतं की मीच विषय काढला. तुम्ही विचारलंच नाहीत. का?"

मी काहीतरी बोललो. आमच्याकडे अशी पद्धत नाही, वगैरे.

"तुमचं घर त्या शेतासमोर आहे, ना?" ती म्हणाली, आणि बस आली.

रात्री जेवताना मी हे घरात सांगितलं. इथेच जन्मलेली माझी मुलगी आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, "बाबा, ते जॉइंट फॅमिली नाही. ते ओव्हरक्राउडिंग आहे. आम्ही जिऑग्राफीत केला ना."

"अगं, पण एकत्र राहण्यात—"

"तू राहशील? आजोबांबरोबर? एक बाथरूममध्ये?"

बायको हसली नाही. ती म्हणाली, "तू स्वतः पुण्याहून का निघालास, ते सांग ना तिला." मग पोळी वाढत म्हणाली, "खरं बोल. लाजेने विचारलं नाहीस, की विचारलं तर घरं होतील म्हणून?"

मी म्हणालो, लाजेने. तेव्हापासून मी ते स्वतःला अनेकदा विचारलं आहे. लाज खरी होती, याबद्दल शंका नाही. पण त्या स्वयंपाकघरातून बाहेर पडताना मला हलकंही वाटलं होतं, आणि लाजलेल्या माणसाला हलकं वाटत नाही. मग चेअरमनचा संशय आला. नव्या माणसाला गाव खरं सांगणार नाही, हे ओळखूनच त्यांनी मला निवडलं का? पुष्कळ दिवस मी हा संशय चघळला, कारण त्यात दोष त्यांच्याकडे जात होता. प्रश्न न विचारायला मात्र त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

मी त्या हिरव्या दाराशी पुन्हा गेलो आणि मुलीला बाहेर बोलावलं. मोजणी दुरुस्त करतो, असं सांगितलं. ती खूश होईल असं मला वाटलं होतं.

"नको," ती म्हणाली. "करारात फक्त आई आणि डॅड आहेत. आम्ही इथे आहोत हे लिहिलं गेलं, की एजंटला काहीतरी करावं लागेल. मग डॅड कुठे जाणार? या वयात?"

"नाव नाही देणार."

"या गावात नाव कशाला लागतं?" तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. समोरचा पडदा हलला होता. "तुम्ही आता इथे उभे आहात, हेसुद्धा पुरे आहे."

"पण मग बसस्टॉपवर तुम्ही—"

"तेव्हा रागात होते. जा तुम्ही."

पुढच्या बैठकीला हॉल भरला होता. कमिटी आराखड्यावर मत देणार होती. मागच्या रांगेत इस्टेटीचा एजंट बसला होता. ती दाराजवळ उभी होती, शाळेच्या स्वयंपाकघराचं फ्लीसचं जाकीट अंगात, जणू वाटेत सहज डोकावली आहे.

मी उठून म्हणालो, माझी मोजणी चुकली आहे. निदान एका घरात मी विचारायचा प्रश्न विचारला नाही.

"कुठलं घर?" चेअरमननी विचारलं.

"ते सांगणार नाही."

"मग आम्ही मानायचं कसं? आधी तुम्ही म्हणालात गरज नाही. आता म्हणता आहे. कुणाशी बोलून आलात?"

आमच्याच वसाहतीतला एक जण म्हणाला, "याला काहीतरी कबूल केलं असेल कुणीतरी." लोक हसले. माझे कान तापले. ज्यांच्या बाजूने मी बोलत होतो तेही माझ्याकडे संशयानेच बघत होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

"ते घर आमचं आहे," दाराजवळून आवाज आला.

कोणी वळून बघितलं नाही. सगळ्यांना आवाज माहीत होता.

"मी, माझा नवरा आणि दोन मुली. डॅडच्या घरात. आम्ही त्यांच्यात मोजायचे नाही. आम्ही वेगळे आहोत. वेगळं राहायचं आहे, आणि याच गावात राहायचं आहे." मग ती एजंटकडे वळली. "तुम्ही दर वर्षी अंगणातल्या मुलींच्या सायकली ओलांडून बॉयलर बघायला येता."

एजंट शांतपणे म्हणाला, "मी बॉयलर बघायला येतो. बॉयलरच बघतो."

हॉल हसला. ती हसली नाही. "आता ऐकलंत ना?"

"आता ऐकलं," तो म्हणाला. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मग एक म्हातारा उठला. मला दारातूनच परत पाठवणाऱ्यांपैकी एक. "माझा मुलगा हिवाळाभर व्हॅनमध्ये झोपला. लिहा ते." पबमध्ये काम करणारी एक बाई म्हणाली, "मी रोज स्लाऊहून येते. इथे जन्मले." आणखी एक-दोघे बोलले. चेअरमन माझ्याकडे बघत होते, मी लिहीत होतो. मला दारावर कोणीही हे सांगितलं नव्हतं. ती आधी बोलली म्हणून ते बोलले.

शेत आराखड्यात घ्यायचं का, यावर आम्हा कमिटीतल्यांनी हात वर करायचे होते. चेअरमनचा हात खाली राहिला, आणखी काहींचेही. बाकीचे एकेक वर गेले. थोडक्या मतांनी का होईना, शेत आराखड्यात आलं.

घरं व्हायला अजून वर्षं लागतील. एजंटकडून आजवर काही आलेलं नाही, आणि ती रोज काही येईल या धास्तीत असते. मी तिला विचारत नाही, कारण माझ्या विचारण्यावर तिचा आता भरवसा नाही.

त्या दिवशी बैठक संपल्यावर खुर्च्या रचताना ती माझ्या बाजूला आली. मला वाटलं, आभार मानेल.

"तुमचा हात सगळ्यात शेवटी वर गेला," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

तिने खुर्ची उचलून माझ्या रचलेल्या खुर्च्यांवर ठेवली आणि पुढची आणायला गेली.