एकटीचे दहा गुण

बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर आमच्या घरचे पंधरा-वीस जण जमले होते आणि प्रत्येकाला माझ्यासोबत फोटो काढायचा होता. फक्त नीलेशला नाही, कारण त्याला मीच सकाळी फोनवर बजावलं होतं की फोटोत येऊ नकोस. तो बिचारा चहाच्या स्टॉलपाशी माझी मोठी बॅग सांभाळत, भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरसारखा उभा होता. आईला ते बघवेना. "त्याच्या बाजूनं उभी राय ना वं, होनारा नवरा हाये तुहा," ती सगळ्यांदेखत म्हणाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा हातात पडला होता, तरी मला वाटत होतं की हा फोटो कुणीतरी फेसबुकवर टाकेल, तिकडचा एखादा अधिकारी तो पाहील आणि मला विमानातून खाली उतरवेल. मी अशीच आहे. लॅबमध्येसुद्धा मी रिपोर्टवर सही करण्याआधी पेशंटचं नाव तीनदा वाचते.

मुंबईची गाडी अकोल्यावरूनच जाते, म्हणून नीलेश माझ्यासोबत गाडीत चढला. त्याचं गाव अकोला. तिथं त्याचं आणि त्याच्या वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मूर्तिजापूर गेलं तरी मी पासपोर्ट आणि व्हिसाचे कागदच पुन्हा पुन्हा तपासत होते. अकोल्याला उतरून तो खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "पोचली का फोन कर. अन् आता तरी भेत नको जाऊ." गाडी हलली तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. समोरच्या बाईंनी विचारलं, "भाऊ होता का?"

आपल्या कॉलेजच्या या ग्रुपवर तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले त्यांना हे गणित पाठ असेल. जे तिथंच राहिलात, त्यांच्यासाठी सांगते, कारण मी लग्न का लांबवलं हे तुम्हाला नीट सांगायला मला तेव्हा तोंड नव्हतं. ऑस्ट्रेलिया हा देश माणसाला गुण देऊन आत घेतो. वयाचे गुण, शिक्षणाचे गुण, नोकरीच्या अनुभवाचे, इंग्रजीचे. ज्यांचे गुण जास्त त्यांना आधी बोलावणं येतं. अमरावतीच्या राजापेठेतल्या लॅबमध्ये मी वर्षानुवर्षं रक्त-लघवी तपासली, ते सगळं मोजलं गेलं. आणि मी अविवाहित होते, त्याचेही दहा गुण मिळाले. एकटं असण्याचे गुण! आमच्या वलगावात पोरगी तिशीपर्यंत एकटी राहिली की लोक गुण सोडून बाकी सगळं मोजतात.

हे दहा गुण मला साखरपुडा झाल्यावर कळले. नागपूरच्या व्हिसा एजंट मॅडम म्हणाल्या, साखरपुड्याचं काही नाही, पण बोलावणं येण्याआधी लग्न केलं तर दहा गेले. नवऱ्यानं इंग्रजीची परीक्षा पास केली तर त्यातले पाच परत मिळतील. मी बेरीज केली. पाचानं मी मागे पडत होते. त्यात माझी तेहतिशी जवळ आलेली, आणि तेहतिसावं लागलं की वयाचेही गुण कमी. तोही कागदावरचा वाढदिवस. खरी मी दिवाळीची, पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जूनची तारीख टाकून दिली. तेव्हा कुणाला माहीत की ते चार महिने मला पुढे एवढे महागात पडतील.

आणि इकडे लग्नाची तारीख ठरली होती. नुसती ठरली नव्हती, छापून चौकात लागली होती. माझा चुलत भाऊ स्वप्निल, त्याला कुठल्याही गोष्टीचा फ्लेक्स लावायला कारण लागत नाही. वलगावच्या चौकात नीलेशचा आणि माझा भलामोठा फोटो, माझा तर लॅबच्या ओळखपत्रावरून उचललेला, आणि खाली "ताई-भाऊजींना वैवाहिक जीवनाच्या हार्दिक शुभेच्छा". लग्नाला अजून तीन महिने होते! नागपूरहून येताना मी तो बसमधून पाहिला. मला वाटलं, हा फ्लेक्स म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावाच आहे. स्वप्निलला फोन करून ओरडले, आत्ताच्या आत्ता उतरव. तो म्हणाला, "ताई, साखरपुडा झाला म्हंजे अर्धं लग्न झालंच ना? काहून चिडून राहिली?" त्याला काय सांगणार, की त्या देशाच्या हिशेबात अर्धं लग्न नसतं.

शेवटी बाबांनी जाऊन तो फ्लेक्स उतरवला. बाबा पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते, आता घरी शेळ्या पाळतात. आमच्या लहानपणी ते एकच वाक्य म्हणायचे, "आपन शिकलो, आता कोनाले भ्याचं काम नाही." त्या दिवशी त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही. फ्लेक्सची घडी घातली आणि मागच्या अंगणात, शेळ्यांच्या चाऱ्याला साठवलेल्या कुटाराच्या ढिगावर पावसापाण्याला आडोसा म्हणून घालून ठेवली.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. बुद्धविहारात ठरलेलं लग्न पुढं ढकललं. नीलेशचे वडील वलगावला आले, पाणीही न पिता बसले आणि म्हणाले, "लोक म्हनतात पोरीत काई खोट हाये. आमी काय सांगावं?" बाबांनी पाण्याचा ग्लास पुन्हा पुढं सरकवला. मी मेल उघडायची, बंद करायची, सॅम्पल लावायची, पुन्हा मेल उघडायची. नीलेशनं मात्र एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उलट अकोल्यात क्लास लावून इंग्रजीची परीक्षा देऊन आला. "मले विचारलं, तुमच्या आवडत्या प्रवासाबद्दल बोला," त्यानं सांगितलं. "मी म्हटलं, अकोला ते वलगाव. मूर्तिजापूरपर्यंत आलो अन् टाइम संपला." त्याला बोलण्यात गुण कमी पडले. मी हसले आणि मग माझा मलाच राग आला, कारण हसता हसताही मी बेरीजच करत होते.

बोलावणं आलं ते जूनच्या तोंडावर. मॅडम म्हणाल्या, आता लग्न करून नीलेशचं नावही अर्जात घालता येईल, फक्त त्याचे कागद, तपासण्या, थोडा वेळ जास्त लागेल. नको म्हणणारी मी होते. हातात आलेलं कशानं तरी निसटेल ही भीती मला खात होती. आधी माझं होऊ दे, मग येऊन लग्न करू, मी म्हटलं. नीलेश फोनवर म्हणाला, "ठीक हाये, जा."

आता मी ॲडलेडमध्ये आहे. इथली लॅब स्वच्छ, मशीन नवीन, शिफ्ट संपली की संपली. इथं मला कुणी लग्नाचं विचारत नाही, आणि राजापेठेत ज्या प्रश्नाचा मला संताप यायचा तो प्रश्न कुणी विचारावा असं आता वाटतं. डॉक्टरकडे गेलं तर फॉर्ममध्ये जोडीदाराचा रकाना असतो. मी "नाही" लिहिते आणि ते तीनदा वाचते. हिवाळ्यात हीटर लावून एकटीच वरण-भात जेवते. मला इथं फार एकटं वाटतं, हे घरी कधी सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

दर रविवारी बाबांशी व्हिडिओ कॉल होतो. ते अंगणात खाट टाकून बसतात, आणि त्यांच्या मागे तो कुटाराचा ढीग दिसतो. त्यावर आमचा फ्लेक्स. घडीत माझं कपाळ आणि नीलेशचा एक कान तेवढा दिसायचा. बाबा काय बोलतात ते ऐकत मी त्या कानाकडे बघत राहायचे. नीलेशचे फोन या पावसाळ्यात आखूड होत गेले. पेरणीचे दिवस, दुकानात गर्दी, मी समजत होते. पण एकदा आई बोलता बोलता म्हणून गेली, "अकोल्यावाल्यायचं काई सांगता येत नाही बापा," आणि लगेच विषय बदलला. मग मावशीकडून कळलं की त्याच्या वडिलांनी दुसरीकडे पोरगी पाहायला सुरुवात केली आहे. मी नीलेशला विचारलं नाही. विचारलं आणि तो खरं बोलला तर? दिवाळीची रजा मंजूर झाली आणि मी तिकीट काढलं.

गेल्या रविवारी कॉल लागला आणि बाबांच्या मागे ढिगावर निळी ताडपत्री होती. फ्लेक्स नव्हता. मला वाटलं, संपलं. यांना कळलंय, आणि माझ्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी तो काढून टाकलाय. बाबा शेळीच्या करडांबद्दल सांगत होते, मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

"बाबा, फ्लेक्स कुठं गेला?"

"तो? नीलेश आल्ता परवा. सोताच ढिगावर चढला, काढला, हौदावर साबन लावून धुतला अन् घेऊन गेला अकोल्याले. म्हने, नवा काहून छापाचा, तारखेवर पट्टी मारून आनतो."

"त्याच्या घरचे?"

"त्याच्या बापाले संगच घेऊन आल्ता. या खेपी पानी पेला."

मी फोन पालथा ठेवला आणि पोटभर रडले.

घर म्हणजे काय, हे आता कुणी विचारलं तर मी सांगू शकते. या देशानं मला एकटी म्हणून घेतलं, त्याचे दहा गुण दिले, मी कृतघ्न नाही. पण वलगावात एकटी आहे म्हणून मी कितीही सांगितलं तरी कुणी ते मानलं नाही. चौकातून उतरवलं, तरी शेळ्यांच्या कुटारावर आम्ही दोघं जोडीनंच पाऊस झेलत होतो.

दिवाळीला बडनेऱ्याला उतरेन. स्वप्निलला मेसेज केलाय, मोबाइल चार्ज करून ये. पहिला फोटो नीलेशसोबत काढायचा आहे, आणि तो स्वप्निलनं जिथं टाकायचा तिथं टाकावा.