खोल पाणी, लग्नाच्या अक्षरात

बोलणं संपलं की काका हवेत बोटाने एक वेलांटी काढायचे. वाक्यात ती असो वा नसो. मग म्हणायचे, "वाचतंय कोण? लोक बघतात."

ते लग्नपत्रिका छापायचे. दिवेआगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान, दुकानात एक जुना संगणक आणि संगणकात त्यांचा एकुलता एक लाडका फॉन्ट. अक्षरं बोरूने लिहिल्यासारखी, जाड सुरू होऊन केसासारखी बारीक होत जाणारी. वेलांटी शेजारच्या दोन अक्षरांवर मांडव घालायची, उकार खालच्या ओळीत उतरायचा आणि विसर्गाच्या जागी दोन लहान फुलं होती. त्यामुळे ‘दुःखद निधन’सुद्धा नटूनथटून आल्यासारखं दिसायचं. फॉन्ट इतका जुना, की मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला तर वधूवरांच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हं उमटत. काका याला फॉन्टचा स्वाभिमान म्हणायचे.

तुम्ही आमच्या भागात कधी आला असाल तर ही अक्षरं तुम्हीही पाहिली असतील. डॉक्टरांची वेळ, ‘येथे कचरा टाकू नये’, सगळं त्यातच. शाळेच्या ग्रंथालयासाठी मी ‘शांतता राखा’ची पाटी करून घेतली, तर ‘शा’ नेमका कुठे संपतो यावर वाचकांत मोठ्याने वाद सुरू झाले. एका वाडीच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ लागलं. पाहुण्यांना ती नावाची पाटी वाटली आणि ते कुत्रे आडनावाच्या गृहस्थांची चौकशी करत आत गेले. कुत्रा घरी होता.

आमच्या समुद्रात एके ठिकाणी वाळू खचून खड्डा पडतो. ग्रामपंचायतीने काकांना धोक्याचा बोर्ड करायला सांगितला. त्यांनी आठ दिवस घेतले. वर मोठं ‘खोल पाणी’, खाली बारीक ‘पुढे जाऊ नये’. ‘पाणी’ची वेलांटी लाटेसारखी मागे वळून थेट ‘खो’पर्यंत आली होती. लोक त्यासमोर उभं राहून फोटो काढू लागले. हे एखाद्या घरगुती राहण्याच्या सोयीचं नाव असावं असं समजून एका जोडप्याने बाजारात विचारलं, ‘खोल पाणी’त एसी खोली मिळेल का.

सरपंचबाई म्हणाल्या, "काका, मी धोक्याचा बोर्ड सांगितला होता, बारशाचा नाही."

"धोका आहे म्हणून काय वाईट दिसायचं?" काकांनी विचारलं.

मग एका दुपारी एक पाहुणा बोर्डाकडे बघत बघत सरळ आत गेला. होडीवाल्याने त्याला केसांना धरून बाहेर काढलं आणि ओल्या कपड्यांनीच होडीवाला दुकानात आला.

"काका, तो काय बोलला म्हायती हाय? त्याला वाटलं, आत कुनाचं लगीन हाय."

त्या दिवशी काकांनी हवेत काही काढलं नाही. संगणकावर तोच मजकूर जाड, सरळ अक्षरांत लावून ते कितीतरी वेळ बघत बसले. मी शेजारी होतो. "हे ओरडतंय," ते हळूच म्हणाले. "पाण्याशी आलेला माणूस ओरडणाऱ्याचं ऐकत नाही."

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता दुकान बंद करून ते छत्री घेऊन त्याच बोर्डाशेजारी उभे राहू लागले. येईल त्याला बोर्ड वाचून दाखवायचे. "खोल पाणी. पुढे जाऊ नये. आज गुडघ्यापर्यंत चालेल."

तिसरं वाक्य बोर्डावर नव्हतं. ते पाण्याकडे बघून रोज ठरायचं. कधी पोटरी, कधी नुसते घोटे. कुणी चिडून म्हणे, मला वाचता येतं. "येतं हो," काका म्हणायचे, "पण तुम्ही बघताय."

लग्नसराईत गिऱ्हाइकं पत्रिकेचा मजकूर घेऊन वाळूतून चालत येत. मुंज असो, ताप असो, काका चारला हजर. मीही पुस्तक घेऊन जवळ बसायचो. काका उभे राहिले तेवढ्या वर्षांत तिथे कुणी बुडालं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर ते गेले. श्रद्धांजलीचा फ्लेक्स माणगावहून करून आणला. त्यांचं नाव रस्त्यापलीकडूनही वाचता येत होतं, आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं. किनाऱ्यावरही ठळक लाल अक्षरांचा नवा बोर्ड आला. त्यात चूक काढण्यासारखं काही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एक बाई चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेला उभ्या होत्या. दरवर्षी येणाऱ्या असाव्यात. त्यांनी बोर्ड वाचला, इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, ते वाचून दाखवणारे काका आज नाहीत का.

मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मग आज कुठपर्यंत?"

मी पाण्याकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी बसूनही ते पाण्यात नेमकं काय बघायचे हे मी कधी विचारलं नव्हतं.

"आज नको," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली आणि चपला पायात घातल्या.