मोटेच्या कातड्याचा मोजा

खोटं कशाला बोलू, गोजरसारखी कॅचर त्या गावानं पुन्हा पाहिली नाही. आणि पाहिली असती तरी ओळखली नसती, असलं गाव ते!

परभणी जिल्ह्यातलं हट्ट्याकडचं गाव, साल शहात्तर. ड्रिलचे मास्तर उत्तमराव कुठूनसा सॉफ्टबॉल शिकून आले आणि त्यांनी मुलींची टीम उभी केली. जोरात चेंडू फेकणारा हात मिळेना, म्हणून प्रेमसिंग लोहाराकडून मशीन करून घेतलं. सायकलीची दोन चाकं, एक पट्टा, एक हँडल. हँडल गरगर फिरवायचं, चाकांच्या मधे चेंडू सरकवायचा, की तो सुसाट सुटायचा. कधी सरपटत बेसवरच्या पोरींच्या नडग्यांवर, कधी सरळ कॅचरच्या, म्हणजे समोर बसून चेंडू झेलणाऱ्या पोरीच्या तोंडावर. पहिल्याच दिवशी निम्म्या पोरी घरी पळाल्या.

मास्तर म्हणाले, "जी तीन महिने या मशीनपुढं उभी राहील, तीच परभणीच्या सामन्यात कॅचर."

गोजर उभी राहिली. हमाल दगडोबाची नववीतली पोर. तिला परभणीला खेळायचं होतं, बस्स, दुसरं काही मागणं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात डाव्या हाताची दोन बोटं मोडली. हाडवैद्यानं बांधली, ती वाकडीच जुळली.

आई जनकाबाई कडाडली, "काहून मरून राहिली गं त्या चेंडूपायी?" पण माय ती मायच. विहिरीवर इंजिन आल्यापासून जुनी मोट कोपऱ्यात पडून होती, तिचं कातडं कापलं, आत चिंध्या भरल्या आणि दाभणानं हातमोजा शिवला. वाकड्या बोटांना वाकडी घरं केली. मग मात्र गोजरच्या हातातून चेंडू सुटेना.

तिची वर्गातल्या बाकावरची मैत्रीण द्वारका, सरपंचाची पुतणी, लिंबाखाली बसून ओरडायची, "शाब्बास गोजे!" खेळातली एकूण एक खूण गोजरनं तिला हौसेनं शिकवली.

निघायच्या दिवशी जीपपाशी मास्तरांनी यादी वाचली. कॅचर, द्वारका.

"आन् मी, सर?"

"अगं, जीप तिच्या काकाची हाय."

"मग मला तीन महिने काहून उभं केलं?"

मास्तर बिनदिक्कत बोलून गेले, "चेंडू कसा येतो ते कुणीतरी अंगावर घेऊन पाहावंच लागतं. द्वारकाची बोटं मोडली असती तर काकाला काय तोंड दाखवलं असतं मी?"

गोजरनं द्वारकाकडं पाहिलं. द्वारका जीपमधे बसून खाली बघत होती. म्हणजे हिला ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मास्तर एक वेळ परका, पण अर्धी भाकर वाटून खाल्लेली ही पोरगी? तिथं रडायचं नाही म्हणून तिनं काखेतला मोजा घट्ट धरला.

मास्तरांनी हात पुढं केला. "मोजा दे. टीमला लागंल."

"तो तिला बसायचा न्हाई, सर. आधी बोटं मोडून घ्यावी लागतील."

मास्तर हसले. त्यांनी मोजा ओढून घेतला आणि द्वारकाच्या मांडीवर टाकला.

जीप सुरू झाली. द्वारका मोज्यात बोटं कोंबून पाहत होती, दोन आत जाईनात. गोजर बघत राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा तिला दुसऱ्या कुणाची तरी बोटं मोडावीशी वाटली.