कपाटावरचं पातेलं

“ही ताई आपल्याशीच बोलत न्हाई, का कुणाशीच बोलत न्हाई?”

मिस्त्रींनी हे शिडीवरून विचारलं, खाली पट्ट्या कापत बसलेल्या आपल्या मेव्हण्याला. मी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होते.

“इंग्लिश शाळेतली हाय,” मेव्हणा म्हणाला. “तितं मराठी बोललं की दंड घेत्यात म्हनं. तीच सवय लागली आसंल.”

दंड खरंच घेत. त्यांचं हसणं संपेपर्यंत मी थांबले, मग आत जाऊन ट्रे खिडकीत ठेवला.

माझ्या खोलीचं छत बदलायचं काम चाललं होतं. मुठा गावातलं हे घर बांधलं तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुण्यात आपल्या ऑफिसातल्या साहेबांच्या बंगल्यात पाहिलेलं छत हौसेनं करून घेतलं होतं. ओल्या प्लास्टरवर स्पंज दाबून उठवलेले टोकदार दाणे. मला आठवतं तेव्हापासून त्या दाण्यांत जळमटंच होती. झाडू फिरवला की जळमटं तशीच राहायची आणि झाडूचे तुकडे वर अडकायचे. आता त्याच्याखाली लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा ठोकून गुळगुळीत जिप्सम बोर्ड बसवायचे होते. पुढच्या महिन्यात मी नोकरीसाठी बावधनला राहायला जाणार होते आणि ही खोली अप्पांची होणार होती.

बोर्ड लावण्याआधी मिस्त्री हातोडीच्या दांड्यानं जुनं छत ठोकून बघत. पक्कं असेल तिथं आवाज घट्ट यायचा, सुटलेलं असेल तिथं पोकळ. पोकळ आलं की खरवडून काढायचं. माझं कपाट व्हरांड्यात हलवलं होतं. ते जिथं असायचं, नेमका तिथं ठोका पोकळ पडला. त्यांनी खरवडायचा पत्रा घासला तसे दाणे पिठासारखे खाली आले.

“हितं मीठ फुललंय,” मिस्त्री म्हणाले. “काका, वर पानी हाय का?”

“होतं,” अप्पा दारातून म्हणाले. “मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः वॉटरप्रूफिंग केलंय. आता थेंब येत नाही.”

त्यांनी खरंच स्वतः केलं होतं. निवृत्त झाल्यावरचं पहिलं काम. तीन दिवस गुडघ्यांना गोणपाट बांधून गच्चीभर ब्रश फिरवला. नंतर जो पाहुणा येईल त्याला वर न्यायचे आणि जिन्यातच चपला काढायला लावायचे.

“बगा बरं,” चहात बिस्कीट बुडवत मिस्त्री म्हणाले. “बोर्डाला पानी चालत न्हाई. या बिस्किटागत व्हतंय. आनि झाकलं की आत काय चाललंय ते कळत न्हाई, डायरेक खालीच येतंय.” मग माझ्याकडे वळले. “ताई, खोली तुमची. तुमी सांगा, पावसात येतंय का?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

माहीत होतं. आमच्याकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही, आणि मागच्या वर्षी, वॉटरप्रूफिंगनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, असाच लागून राहिला असताना सहाव्या दिवशी कपाटावर थेंब पडायला लागला. मी स्टीलचं पातेलं ठेवलं. आवाज होऊ नये म्हणून त्यात जुना टॉवेल घातला. रोज सकाळी अप्पा फिरायला गेले की टॉवेल पिळायचा आणि पाणी कढीपत्त्याला घालायचं. दसऱ्यापर्यंत छत वाळलं. फिकट तपकिरी कड राहिली, ती त्या दाण्यांत कुणाला दिसली नाही. आईला पातेलं सापडत नव्हतं तेव्हाही मी गप्प राहिले. अप्पा तेव्हा जरा उघडलं की संध्याकाळी खुर्ची घेऊन गच्चीत बसायचे. त्यांना मी काय सांगणार होते?

चहा झाला. उरलेल्या पट्ट्या ठोकून सांगाडा पुरा झाला. मिस्त्रींनी खडूनं बोर्डावर खूण केली, दोघांनी तो डोक्यावर घेतला आणि दोन शिड्यांवर एकेक पायरी चढू लागले. अप्पा खालून बघत होते. त्यांनी पलंग कुठं ठेवायचा हेही ठरवलं होतं. सकाळीच पावलांनी माप घेऊन भिंतीवर पेन्सिलनं रेघ ओढली होती. कपाटाच्या जागी त्यांची उशी येणार होती.

मी बावधनला गेल्यावर पातेलं ठेवायला कुणी नसणार होतं. ठेवायचं कशाखाली, हेही दिसणार नव्हतं.

बोर्ड सांगाड्याला टेकला. मेव्हण्यानं स्क्रू दातांत धरले, मिस्त्रींनी स्क्रूचं मशीन चालू करून पाहिलं. मला कुणाच्या मध्ये बोलायचं असलं की आधी हात वर होतो, शाळेतल्यासारखा. तसा तो झाला. तिघंही वर बघत होते, त्यामुळे कुणी पाहिलं नाही. वाक्य मी मनात दोनदा जुळवलं, दोन्ही वेळा ते अर्ध्यावर सुटलं. पहिला स्क्रू आत गेला. मिस्त्रींनी दुसऱ्यासाठी हात पुढं केला.

“थांबा,” मी म्हणाले. “अप्पा, मागच्या पावसातही इथं गळत होतं. रोज. मी कपाटावर पातेलं ठेवत होते, तुम्हाला कळू नये म्हणून.”