रशीदभाईंचा शेवटचा डेव्हलपर

कुणाकडेही पाणी पिण्याआधी रशीदभाई विचारत, "बोरचं का नळाचं?" कृष्णधवल फिल्म धुण्याचा डेव्हलपर ते घरीच कालवत आणि क्षारांच्या पाण्यात तो बिघडतो, हे त्यांच्या डोक्यातून कधी जात नसे. डेव्हलपरला ते दवा म्हणत. "पहले मर्ज देखो, फिर दवा," हे त्यांचं नेहमीचं.

एका दैनिकात आम्ही बारा वर्षं एकत्र होतो. मी बातमीदार, ते छायाचित्रकार. निवृत्तीनंतर पडेगावच्या घरी न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने बंद करून त्यांनी डार्करूम केली. फ्रीजच्या दारात एक जुना रोल होता. त्यावर त्यांनी काढलेले त्यांच्या मुलीचे, नाझनीनचे, फोटो होते. रोल संपला त्याच आठवड्यात ती तापाने गेली, चार वर्षांची. त्यांनी तो धुतलाच नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी हसीनाभाभींचा उजवा डोळा काचबिंदूने गेला. डाव्याची नजर आक्रसत होती. "अब तो धो दो जी," त्या म्हणाल्या. "नजर है तब तक देख लूँ."

जोरदार दवेने चेहरा उठला असता. पण फिल्म जुनी होत जाते तसं तिच्यावर आपोआप चढणारं करडं धुकंही उठून त्याला गिळू शकलं असतं. मंद दवेत धुकं दबलं असतं, कदाचित चेहराही. ठरवायला रोलचा तुकडा कापून आधी धुवावा लागतो. त्यांनी अंधारात अंदाजाने कापला, मंद दवेत धुतला. निघाला तो मनगटापाशी तुटलेला लहान हात, अगदी फिकट. त्यानंतर त्यांनी त्या रोलला कात्री लावली नाही. सभा-मोर्चांचे धुवायचे राहिलेले जुने रोल वेगवेगळ्या दवेत धुऊन पाहत राहिले. आठ महिने.

"धुऊन टाका, येईल ते येईल," मी म्हणालो.

"तुम्ही चुकलात तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता. इथं खुलासा नाय, साहेब."

बाहेरून भाभींचा टोमणा आला, "इतनी देर तो शादी को हाँ बोलने में भी नहीं लगाए!"

अखेर त्यांनी जोरदार दवा घेतली. प्रिंट खरखरीत आली, पण चेहरा स्वच्छ होता. तोवर भाभींना डाव्या डोळ्यानेही फक्त उजेड-अंधार कळत होता. त्यांनी प्रिंट खिडकीकडे धरली. ती उलटी होती.

रशीदभाईंनी ती सरळ करून दिली आणि शेजारी बसून सांगू लागले, "हँस रही है. पीली फ्रॉक है."

मला त्या प्रिंटवर फक्त करडा रंग दिसत होता.

"पीली नै," भाभी म्हणाल्या. "हरी."

ते पुन्हा प्रिंटकडे वाकले. मग म्हणाले, "हाँ. हरी."