पॅनलवरची हिरवी जाळी

धडधडेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण शिवणशेडमधल्या तीस बायकांनी ते इतकी वर्षं आणि इतक्या मायेने वापरलं, की एकदा बँकेतल्या कारकुनाने अर्जावर तेच आडनाव म्हणून लिहून घेतलं, आणि काकांनीही खोडायला सांगितलं नाही. त्यांचं काम एकच. दुपारी वीज गेली की शेडमागचा जनरेटर सुरू करायचा, आणि ती परत येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचं.

वीज जायची ती रोज जायची. गावाचं शहर होत चाललं होतं. काल जिथे मोकळं रान होतं तिथे आज चार-चार मजले उभे राहत होते, आणि मजल्यामजल्यावर पंखे, फ्रिज, पाण्याच्या मोटारी येत होत्या. खांब आणि तारा मात्र जुन्याच. वाढत्या पोराला गेल्या वर्षीचा सदरा घालावा तशी गत. दुपारी एकच्या सुमाराला तारा हात टेकायच्या, शेडमधल्या तीसही मशिनी एका दमात गप्प व्हायच्या, आणि मग कोणीतरी खिडकीतून विचारायचं, "काका, जागे आहात ना?"

काका जागेच असत. पहिल्या झटक्यात जनरेटर सुरू करणं ही त्यांची शान होती.

एवढ्या वर्षांच्या धडधडीने त्यांचे कान अर्धेअधिक गेले होते. त्याची त्यांनी कधी कुरकुर केली नाही. कान गेले तसे त्यांनी तळपाय तयार केले. जनरेटरजवळ ते अनवाणी बसत. फरशीतून येणाऱ्या थरथरीवरून त्यांना कळायचं की फिल्टर तुंबलाय, पट्टा सैल झालाय, की डिझेलात पाणी आहे. बाहेरचा मेकॅनिक पिशवीतून पाना-पक्कड काढेपर्यंत काकांचं निदान झालेलं असे, आणि ते एकदाही चुकलेलं नाही, असं ते स्वतःच सांगत.

आणखी एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर पाळली. यंत्राला ऊन लागू द्यायचं नाही. स्वतः डोक्याला फडकं गुंडाळून उन्हात बसतील, पण जनरेटरवर हिरवी जाळी चारी कोपऱ्यांनी ताणलेली असायची. तापलेलं यंत्र लवकर म्हातारं होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

जनरेटरचा धूर खिडकीतून शेडमध्ये यायचा. ठेवायला दुसरी जागा नव्हती. काकांनी दोनदा नळी उंच केली, एकदा तिला वाकण दिलं, पण वारा फिरला की धूर आपला परत खिडकीशी. त्या खिडकीजवळ तिसऱ्या मशिनीवर काकांची लेक बसायची. तिला दोन वर्षांपासून खोकला होता. औषध घेतलं की जायचा आणि दुपारी एकला परत यायचा. त्याबद्दल बापलेक घरी कधी बोलले नाहीत. आपलं पोट ज्यावर चालतं, तेच लेकीच्या छातीत बसतंय, हे तोंडाने कोण म्हणणार?

मग पांढऱ्या कोटांचं काम आलं. एका मोठ्या दवाखान्याला डॉक्टरांचे कोट हवे होते. असं काम शेडला कधी मिळालं नव्हतं. बायकांनी जीव ओतून पहिला गठ्ठा शिवला आणि तो तसाच परत आला. कोटांच्या खांद्यांवर, कॉलरवर काजळीचे बारीक ठिपके होते. दवाखान्याने निरोप दिला की दुसरा गठ्ठाही असाच आला, तर काम दुसरीकडे जाईल.

शेडच्या मालकीणबाईंनी दोन दिवस हिशेब मांडला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कापडाच्या टेबलाभोवती बोलावलं. डिझेल लांबून येतं, टँकर अडला की आपणही अडतो, आणि वर हा धूर, असं त्या म्हणाल्या. ऊन मात्र कोणी न बोलावता रोज छपरावर येऊन बसतं. तेव्हा एक महिना उन्हावर चालणारे पॅनल लावून बघू. चालले तर ठेवू. नाही चालले तर ते परत, आणि त्याच जागी उंच धुराड्याचा मोठा जनरेटर.

मोठा जनरेटर म्हटल्यावर काकांचे डोळे लकाकले. बटण दाबून सुरू होणारा. असा एक आपल्या हाताखाली असावा, हे त्यांचं जुनं स्वप्न होतं.

पॅनल बसवायला आली ती एक तरुण मुलगी. कमरेला हत्यारांचा पट्टा, बोलणं तुरुतुरु. तिने छपरावर पॅनल बसवले, शेडच्या कोपऱ्यात भिंतीवर एक पेटी आणि खाली छोटी बॅटरी ठेवली. बॅटरी नुसती टेका द्यायला आहे, खरं काम पॅनलचं, असं तिने सांगितलं. पेटीवर हिरवा दिवा म्हणजे ठीक, तांबडा म्हणजे गडबड. छपराची शिडी काकांशिवाय कोणी चढत नसे, म्हणून देखभाल त्यांच्याकडे आली. रोज सकाळी पाण्याने पुसा, खालून वारा खेळू द्या, यांना फार तापलेलं आवडत नाही, हे तिने त्यांना दोनदा मोठ्याने ऐकवलं. काकांनी शेवटचं वाक्य पक्कं लक्षात ठेवलं.

पहिले दहा दिवस पॅनल गुमान चालले. काकांना मात्र चैन पडेना. हे कसलं यंत्र? ना आवाज, ना थरथर. ते पॅनलवर तळहात ठेवून बघत, पण यंत्र हाताशी काहीच बोलत नसे. मुक्या जनावराची सेवा करावी तसे ते रोज सकाळी फडकं घेऊन वर जात.

मग ऊन वाढलं. तव्यासारखं छप्पर तापू लागलं. आणि दुपारी एक वाजता पेटीचा दिवा तांबडा होऊन मशिनी बंद पडू लागल्या. मुलगी सकाळी नऊला आली, तर सगळं ठणठणीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, तरी ठणठणीत. ती गेली की दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. जनरेटर पुन्हा धडधडू लागला आणि नवे कोट खिडकीपासून लांब लपवावे लागले.

"उन्हावर चालतं म्हणे, आणि ऊन वाढलं की बसतं," एक बाई म्हणाली. "आमच्या नवऱ्यासारखंच आहे हे." शेड हसली. मालकीणबाई हसल्या नाहीत. शुक्रवारी दुपारी त्यांनी फोनवर त्या मुलीला सांगून टाकलं की उद्या येऊन सगळं काढून घेऊन जा.

काका दारातच उभे होते. पलीकडून मुलीने काहीतरी विचारलं, आणि बाईंनी प्रश्न मोठ्याने परत म्हटला. "वर सावली पडते का? कशाची पडणार सावली? ना झाड, ना टाकी. पाखरू टेकत नाही छपरावर."

काका तसेच वळले आणि शिडी चढले.

वर हिरवी जाळी होती. चारी कोपऱ्यांनी नीट ताणलेली. ऊन वाढल्यापासून काका रोज बाराला ती बांधत आणि चारला सोडत. पातळ आहे, उजेड जातोच की आरपार, तेवढीच उन्हाची तलखी कमी, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. यंत्रावर सावली धरणं ही सांगायची गोष्ट आहे, हेही त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यांनी गाठी सोडल्या, जाळीची घडी केली आणि खाली येऊन पेटीसमोर बसले. थोड्या वेळाने तांबडा दिवा हिरवा झाला.

पण बाईंचा विश्वास उडाला होता. आज लागलं, उद्या बसेल, अशा भरवशावर मी कोट शिवत नाही, असं त्या म्हणत होत्या. काकांनी नुसतं गप्प बसायचं होतं. उद्या पॅनल गेले असते. काही दिवसांत बटणाचा जनरेटर आला असता, आणि त्याचे मालक, राजे, जे म्हणाल ते काकाच असते. कोणाला काही कळलं नसतं. धुराडं कितीही उंच केलं तरी वारा फिरला की धूर खिडकीशीच येतो, हे एकट्या काकांना ठाऊक होतं.

तिसऱ्या मशिनीवर लेक खोकत होती.

काका उठले आणि जाळीची घडी कापडाच्या टेबलावर बाईंसमोर ठेवली. "ही वर होती. रोज बारा ते चार. मीच बांधत होतो."

बाईंनी जाळीची घडी उलगडली. "का पण, काका?"

"ऊन लागत होतं त्यांना."

मग एकटी लेक हसली. हसता हसता तिला ठसका लागला. तो थांबेपर्यंत काका थांबले.

"पॅनल ठेवा, बाई," ते म्हणाले.

"आणि तुमच्या कामाचं?"

"ते बघू. ती खिडकीजवळ बसते."

बाईंनी पुन्हा फोन लावला. ऐकून ती मुलगी इतकी हसली की काकांच्या अर्ध्या कानालाही ते ऐकू आलं. एवढा जीव कोणी आजवर माझ्या पॅनलना लावला नव्हता, असं ती म्हणाली. दुसरा गठ्ठा दुधासारखा पांढरा गेला आणि परत आला नाही.

जनरेटर अजून मागे आहे. आभाळ भरून राहिलं की काका त्याला उठवतात. एरवी तो जाळीखाली झोपलेला असतो. समोरच्या फरशीवाल्याने, मग पलीकडच्या सुताराने काकांना छपरावर नेऊन विचारलं की इथे बसतील का पॅनल. काका हातवारे करून, दिशा दाखवून सगळं समजावतात, आणि शेवटी बजावतात की जाळी बांधायची नाही.

पण मला सांगायची आहे ती एका साध्या दुपारची गोष्ट. वीज गेलेली होती, मशिनी चालू होत्या, आणि जनरेटरजवळ बसायचं काम नाही म्हणून काका शेडमध्ये लेकीजवळच्या स्टुलावर अनवाणी बसले होते. खिडकी उघडी होती. पायाखालच्या फरशीत तीस मशिनींची थरथर येत होती, बारीक, मऊ. एवढी वर्षं जनरेटरच्या दणक्याखाली ती दबून गेली होती. काकांनी डोळे मिटले. जरा वेळाने त्यांनी लेकीच्या खांद्याला हात लावला.

"थांब. तुझी मशीन लंगडतेय. खालची दांडी सैल आहे."

लेकीने मशीन उलटी करून पाहिलं. दांडी सैलच होती. चौथ्या मशिनीवालीने लगेच विचारलं, "काका, माझीही बघता का? सारखा दोरा तोडते." मागून अजून दोघींनी हात वर केले.

काकांनी स्टूल उचललं, आणि एकेका मशिनीपाशी जाऊन पाय टेकू लागले.