आवाज मोजणारा आमचा दादा

माझा थोरला भाऊ वाहतूक पोलिसात हवालदार. आम्ही एकाच घरात राहतो. मोटारसायकलींचा आवाज मोजायचं यंत्र चौकीवर आलं तेव्हा ते कुणालाच नको होतं. बाकीचे कानानंच ठरवून पावती फाडत. दादा म्हणाला, "कान ओळखपाळख बघतो. यंत्र बघत नाही." झालं, यंत्र त्याच्याच गळ्यात पडलं.

गाडी भिंतीपासून लांब उभी करायची, ट्रक जात असला तर थांबायचं, अर्ध्या मीटरच्या दोरीनं सायलेन्सरपासूनचं अंतर धरायचं आणि तीनदा मोजायचं. एकेका गाडीला दहा मिनिटं.

"माप घेताय होय? सदरा शिवायचाय का गाडीला?" सोबतचे हसत. दादा मान वर करत नसे.

एका सकाळी त्यानं आमच्या भागातल्या बिल्डरच्या जावयाला अडवलं. त्याची मोटारसायकल गल्लीतून गेली की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. पण उभी असताना मांजरासारखी गुरगुरली. सायलेन्सरमध्ये झडप होती, वेग घेतल्यावरच उघडणारी. मर्यादा ऐंशी डेसिबल, आकडा अठ्ठ्याहत्तर. सोडावी लागली.

पाठोपाठ आमचा पेपरवाला. वीस वर्षं दारात पेपर टाकणारा. सायलेन्सरला गंजून भोक पडलेलं. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, ब्याऐंशी.

"अहो हवालदार, तुमच्याच दारात येतो की रोज!"

"म्हणूनच तीनदा मोजलं नीट."

"आणि तो मघाचा?"

दादा दोरी गुंडाळू लागला. नवा सायलेन्सर बसेपर्यंत गाडी जमा. तसल्या जुन्या गाडीचा सायलेन्सर कुठे मिळेना. पेपरवाला सायकलवर फिरू लागला, पेपर नऊला येऊ लागला. दोन आठवड्यांत एजन्सीनं त्याची पेपर टाकायची लाइन दुसऱ्याला दिली.

मी दादाला बोलले, "एवढ्याशा आवाजासाठी माणूस धंद्यातून उठवलास रे."

"सोडला असता तर माझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय गं?"

दादाला न्यायाची बुद्धी दे, असं मी देवाजवळ मागत आले. ती त्यानं दिली. पुढचं काय मागावं, कळत नाही.

दादानं साहेबांना लेखी कळवलं, चालत्या गाडीचा आवाज मोजायला हवा. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही.

"मग यंत्र दुसऱ्या कुणाकडे द्या, साहेब."

"तुझ्याइतकं सरळ मोजणारा आहे कोण दुसरा?"

साहेब कौतुकानंच बोलले. दादा सलाम करून पुन्हा चौकात उभा राहिला. घरी आम्ही पेपर बंद केला. नव्या माणसाच्या हातून तो घेववेना.